अंगठा देण्याआधी

आज रत्नागिरीत फार्मसीच्या मुलांना क्लिनिकल रिसर्च (माणसांवर होणारं औषध-उपचारांचं संशोधन) शिकवताना अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं उदाहरण दिलं. मेहॅरी हे कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेलं जुनं मेडिकल कॉलेज. त्याने आणि तिथल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने १९९९ मध्ये संशोधन-प्रशिक्षणासाठी हात मिळवले. मुलं जांभया देत होती.

मग संशोधनात भाग घेणाऱ्या पेशंटच्या संमतीपत्राचा सराव. मिरकरवाड्याची एक मुलगी, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली, शिपाईमावशींना पेशंट करून बसली. छापील मराठी दोन ओळींत सोडून थेट घरच्या बोलीत!

"अंगठा दिला नि मधीच सोडलं तर चालंल काय गो?"

"कधीपण सोडा मावशी, तुमचे उपचार थांबायचे नाय."

वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, हे मात्र विसरली. आठवण केली, तर म्हणते, "मॅडम, तुम्हीच करा ना सही!" त्रयस्थ कसली, मी तर परीक्षक. अर्धा मार्क कापला. (जीवावर आलं.)