आज मला अपेंडिक्स आहे

"आई, ठेवते गं आता. उद्या सकाळी आठ वाजता अपेंडिक्स आहे."

"बरं. काहीतरी खाऊन झोप."

दीड वर्षापूर्वी हेच वाक्य ऐकून ती फोनवरच देवाला हाका मारायला लागली होती. आता सरावली आहे. उलट स्वतःच विचारते, "उद्या नुसतं दुखायचंय की रडायचंय?" रडायचं असलं की तिला काळजी वाटते, कारण दिवसभर रडून आले की संध्याकाळी माझा आवाज बसलेला असतो. अपेंडिक्स तिच्या मते सोपं. नुसतं विव्हळायचं.

लंडनमध्ये मी अभिनेत्री आहे. निदान दर ३१ जानेवारीच्या आत भरायच्या कराच्या फॉर्मवर तरी व्यवसाय म्हणून तेच लिहिते. पैसे कशाकशाचे आले ते बघितलं तर मात्र मजा आहे. खोटी रुग्ण, खोटी कर्मचारी, गर्दीतली बाई आणि नऊ दिवस दाढ. हो, दाढ. सांगते पुढे.

इथे काम नसलेल्या नटाला 'रेस्टिंग' म्हणतात. म्हणजे विश्रांती घेतोय. सध्या काय करतेस असं कुणी विचारलं की "रेस्टिंग" म्हणायचं, समोरचा समजून मान हलवतो. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात दमलेली माणसं याच विश्रांतीत असलेली पाहिली आहेत.

पहिलं वर्ष वेगळंच होतं. अभिनयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आले ती विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, आणि 'एंटरटेनर' म्हणून तर नोकरीही चालत नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असेल तर गोष्ट वेगळी. थोडक्यात, अभिनय शिकायला आलेल्या मुलीनं बाहेर पैसे घेऊन अभिनय सोडून काहीही करावं. मग मी वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाटकवस्तीतल्या, एका नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम धरलं. मध्यंतरात गळ्यात ट्रे अडकवून आइस्क्रीमचे छोटे डबे विकायचे. त्याचा चमचा झाकणाच्या आत लपवलेला असतो आणि दर प्रयोगाला किमान दहा जण येऊन चमचा मागतात.

त्या नोकरीत एकच नाटक मागे उभं राहून साठ-बासष्ट वेळा पाहिलं. त्यातला एक ज्येष्ठ नट दुसऱ्या अंकात एका वाक्याच्या आधी हलकंसं खोकायचा. बिचाऱ्याचा घसा खराब आहे, असं मला वाटायचं. चाळिसाव्या प्रयोगाच्या आसपास लक्षात आलं, खोकला बसवलेला आहे. अभ्यासक्रमाची फी किती होती ते लिहीत नाही, पण त्या खोकल्यानं जे शिकवलं ते फुकट होतं.

पदवी मिळाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, दोन वर्षांचा. त्यावर अभिनय करता येतो, स्वतंत्र व्यवसायही करता येतो, फक्त घड्याळ चालू असतं. करखात्याकडून दहा आकडी क्रमांक घेतला. स्पॉटलाइटवर नाव घातलं. १९२७ साली सुरू झालेली ही नटांची सूची पूर्वी जाडजूड ग्रंथासारखी छापून निघायची, आता सगळं ऑनलाइन आहे. भूमिका देणारे तिथेच शोधतात, त्यामुळे तिथे नसलात तर तुम्ही नाहीच. मग इक्विटीची, म्हणजे नटांच्या युनियनची सभासद झाले. तिथे दोन सभासदांना एकच नाव वापरता येत नाही. वर्गातल्या एका गोऱ्या मुलीला स्वतःचं नाव सोडून आजीचं घ्यावं लागलं. माझ्या नावाची दुसरी कुणी निघायची शक्यताच नव्हती. परदेशी असण्याचा या धंद्यात मला झालेला हा पहिला फायदा.

आणि मग वाट बघणं. आमच्याकडे 'पेन्सिल' नावाचा प्रकार आहे. ऑडिशन आवडली की एजंटकडून निरोप येतो, अमुक तारखांना तुला पेन्सिल केलंय. म्हणजे काम मिळालेलं नाही, पण त्या तारखा दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. नंतर बहुतेकदा दुसरा निरोप येतो, 'रिलीज्ड'. खोडरबर फिरला. माझी आतापर्यंत अकरा वेळा पेन्सिल झाली आहे आणि शाईनं दोनदा. त्यातल्या एकदा माझं एकच वाक्य होतं आणि ते बोलताना मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होते.

या मधल्या दिवसांत घरभाडं कसं द्यायचं? पहाटे साडेतीनला उठून गर्दीतली बाई व्हायचं. लंडनबाहेर लीव्हस्डनला, जिथे पूर्वी विमानांची इंजिनं बनायची, तिथे आता मोठा स्टुडिओ आहे. बसमधून उतरलं की फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, कपडे चढवतात आणि तंबूत बसवून ठेवतात. प्रत्यक्ष शॉटमध्ये गर्दीनं बोलायचं असतं, पण आवाज न काढता. शंभर माणसं तोंडं हलवताहेत, हसताहेत, भांडताहेत आणि ऐकू येतंय फक्त कपड्यांची सळसळ. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटाच आला. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला निःशब्दपणे काहीतरी मोठी गोष्ट सांगितली, मीही डोळे मोठे करून ऐकली. चहाच्या वेळी विचारलं, काय सांगत होतात? "गॅसचं बिल," म्हणाले.

दुसरं काम कंपन्यांमधलं. नव्या मॅनेजरना माणसं कामावरून कशी काढायची याचा सराव हवा असतो. त्यासाठी काढली जाणारी माणूस मी. एका दिवसात माझी सहा वेळा नोकरी गेली आहे. दुपारच्या एका मॅनेजरला मला काढताना स्वतःलाच रडू आलं, आणि भूमिका न सोडता मीच त्याची समजूत घातली.

दाढेचं काम एका जाहिरातवाल्या कंपनीचं. स्टेशनबाहेर फोमची पांढरी दाढ घालून पत्रकं वाटायची. आतून काहीच दिसत नाही, मुळांच्या जागी पाय. लहान मुलं लाथा मारतात, का कोण जाणे. सगळं वजन खांद्यावर येतं, त्यामुळे दाढ संपल्यावरही मान धरलेलीच राहिली. पैसे तीन महिने आले नाहीत. शेवटी इक्विटीतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की १९९८ च्या एका कायद्यानं उशिरा आलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडचा दर अधिक ८ टक्के व्याज लावता येतं. तेवढं एक वाक्य ईमेलमध्ये घातलं, तर दुसऱ्या दिवशी पैसे जमा. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक कलावंतानं संवादांच्या आधी हे असलं एखादं वाक्य पाठ करावं.

पण जे काम खरंच धरून ठेवलं आहे ते आजाराचं. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनं वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला शिकवून तयार केलेला खोटा रुग्ण वापरला. त्याची पहिली रुग्ण चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणारी बाई होती. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची एक पद्धत मांडली, तिला सगळे 'ऑस्की' म्हणतात. ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत एक काम, घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या खोलीत. काही खोल्यांत आम्ही असतो. एप्रिल २०२५ मध्ये इथलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं, त्याहून हे बरं देतात आणि वेळेवर देतात.

आदल्या आठवड्यात कागद येतो. पहिलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. काही गोष्टी आपणहून सांगायच्या. आणि काही गोष्टी, बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाच्या, विचारलं तरच सांगायच्या. अपेंडिक्सला पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबलं की दुखतं, पण दाबलेला हात झटकन उचलला की जास्त दुखतं. हे 'जास्त' सकाळच्या पहिल्या विद्यार्थ्याला आणि संध्याकाळच्या शेवटच्या विद्यार्थ्याला अगदी सारखंच दिसायला हवं, नाहीतर एकावर अन्याय. रंगभूमीवर कालच्यापेक्षा आजचा प्रयोग रंगला की आनंद होतो. इथे रंगला तर गुन्हा. हात मात्र सगळ्यांचे बर्फासारखे गार असतात, त्यामुळे पहिलं दचकणं खरंच असतं.

रडायचा प्रसंग सांगते, थोडा बदलून, कारण गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. नवरा मोटारसायकलवरून पडला आहे आणि विद्यार्थ्यानं येऊन तो गेल्याचं मला सांगायचं. टेबलावर टिश्यूचा डबा असतो. घाबरलेले विद्यार्थी माझा चेहरा जरा वाकडा होतोय तोच डबा पुढे सरकवतात. त्यांना वाटतं ही माया आहे. समोर बसलेल्या बाईला ते 'पूस आता' असं ऐकू येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आठव्या-नवव्या डब्याला कळलं. एक मुलगी आली, ठरलेलं वाक्य विसरली, दोनदा चुकली. मग खुर्ची थोडी जवळ ओढून नुसती बसून राहिली. त्या दिवशी मला रडू थांबवता येईना. घंटा झाली, ती उठून गेली, आणि दार उघडून पुढचा मुलगा आत आला तेव्हा मला परत सधवा व्हायचं होतं.

असल्या कामांची आमच्यात परंपराच आहे म्हणा. पुढे जेम्स बाँड झालेला शॉन कॉनरी एडिनबरामध्ये दूध घालायचा आणि शवपेट्यांना पॉलिश करायचा. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तर मीही पोचले आहे.

गेल्या महिन्यात रात्री खरंच पोटात दुखायला लागलं. १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरवर, फोन केला, त्यांनी इमर्जन्सीत जायला सांगितलं. व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलेला आहे, तेवढी तरी वसुली होईल म्हणत गेले. पाच तास प्लास्टिकच्या खुर्चीत. मग एक तरुण डॉक्टर आला, शर्टाचं एक टोक बाहेर, डोळे तांबारलेले. केव्हापासून? कुठे? दहापैकी किती? मी पटापट उत्तरं दिली, आणि गप्प बसले. मानेसाठी तीन आठवडे उपाशीपोटी आयबुप्रोफेनच्या, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या, गोळ्या खात होते, ते बोललेच नाही. लपवायचं नव्हतं हो, त्यानं विचारलंच नव्हतं! मी त्याच्याकडे बघत वाट पाहत होते.

"काही गोळ्या वगैरे चालू आहेत?"

मनातल्या मनात मी बरोबरची खूण केली आणि सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, पोट तपासलं, अपेंडिक्स नाही म्हणाला. गोळ्या बंद, आम्लपित्ताचं औषध, घरी जा. जाता जाता दारात थांबला.

"माफ करा, पण तुमचा नवरा गेला होता ना? मोटारसायकलवर?"

दोन वर्षांत या शहरात मला माझ्या कामावरून कुणी ओळखल्याची ही पहिली वेळ.

"मीच सांगितलं होतं तुम्हाला. शेवटच्या वर्षाला."

मला त्याचा चेहरा काही केल्या आठवेना. त्या दिवशी मला अठ्ठावीस जणांनी विधवा केलं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तो टिश्यूचा डबा. मी फार लवकर सरकवला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "अगदी वेळेवर."