मागची मोकळी जागा

सांगलीत माझे फ्लेक्स छपाईचे छोटे दुकान असून, नेत्यांच्या छायाचित्रांची मागची बाजू कापून तेथे सिंह, सूर्य नाहीतर विधानभवन बसवणे हेच काम मी गेली चौदा वर्षे करीत आलो आहे. संगणकात ‘हात’ नावाचा वेगळा फोल्डरच आहे: जोडलेले, उंचावलेले, आशीर्वाद देणारे.

गेल्या महिन्यात चित्रकलेचे एक सर महाविद्यालयातील प्रदर्शनासाठी जॉन हार्टफिल्ड या जर्मन चित्रकाराची फोटोमोंटाज चित्रे, म्हणजे छायाचित्रांचे तुकडे कापून-जोडून केलेली चित्रे, मोठी छापून घ्यायला आले. पहिले चित्र १९३२ चे होते. त्यात हिटलरने सलामीसाठी हात कोपरातून मागे वळवला आहे आणि पाठीशी उभा असलेला, त्याच्याहून कितीतरी उंच असा सुटाबुटातला धनिक त्या उघड्या तळव्यावर नोटा ठेवतो आहे. सोबत ओळ आहे, ‘लाखो माझ्या पाठीशी आहेत’. मशीनवरच्या पोराने डोकावून विचारले, “दादा, वाढदिवस कुणाचा?”

मी मात्र चित्र चारशे टक्के मोठे करून बोटे आणि नोटा यांमधला सांधा शोधत बसलो, कारण आमच्या धंद्यात सांधा दिसला की काम कच्चे. कात्री, डिंक आणि रिटचिंगचा कुंचला एवढ्यावर केलेल्या त्या कामात तो सहजी सापडेना. चित्र अखंड दिसते, आणि म्हणूनच त्यातला व्यवहार खरा वाटतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजद्वेष भडकवला जात असताना या हार्टफिल्डने, म्हणजे मूळच्या हेल्मुट हेर्झफेल्डने, निषेध म्हणून मुद्दाम इंग्रजी नाव घेतले, असे सरांनी सांगितले, तेव्हा पत्रीसरकारच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला थोडे हसूच आले. पण पुढच्याच चित्राने ते थांबवले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर स्वारी केली, त्यानंतरचे ते चित्र: वाळवंटात सिंहाच्या धडाचा स्फिंक्स, त्याला मुसोलिनीचे तोंड आणि पुढे कवट्यांचा ढीग. साम्राज्याचे स्मारक म्हणून तोंड अवाढव्य करायचे, ही युक्ती माझ्या रोजच्या हातची होती. कवट्या तेवढ्या मी कधी ठेवल्या नव्हत्या.

संध्याकाळी एक कार्यकर्ता आपल्या साहेबांच्या फलकाचा नमुना बघायला आला. उंचावलेला हात त्याला पसंत पडला, पण थोडा वेळ पडद्याकडे पाहून तो म्हणाला, “हाताच्या मागं मोकळं दिसतंय हो, काहीतरी टाका की.”

मी तेथे सूर्याची किरणे टाकली.