चांदीचे बूट आणि पिवळी वाट

आज दुपारी भाचीला एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ची शेवटची प्रकरणे वाचून दाखवत होतो. कथेची नायिका डोरोथी हिचे बूट चांदीचे आहेत हे ऐकताच तिने मला थांबवले, कारण १९३९ च्या चित्रपटात तिने ते माणकासारखे लाल पाहिले होते. शंका रास्त होती, आणि खरी गंमत त्या चांदीतच आहे.

हेन्री लिटलफील्ड या अमेरिकी शिक्षकाने १९६४ मध्ये असे मांडले की ही कथा त्या काळच्या अमेरिकेतल्या चलनाच्या वादाचे रूपक आहे: पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्णमान, चांदीचे बूट म्हणजे चांदीचे चलन, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला मजूर. चलन सोन्याला बांधल्यामुळे पैसा दुर्मीळ झाला, धान्याचे भाव कोसळले आणि कर्जाचा बोजा मात्र जड होत गेला. म्हणून शेतकऱ्यांना सोळास एक या प्रमाणात (सोळा भाग चांदी म्हणजे एक भाग सोने) चांदीचीही नाणी हवी होती. १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या टांकसाळी (मुंबईची त्यातलीच) चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला (कोणीही चांदी आणून तिची नाणी पाडून घेण्याला) बंद झाल्या आणि चांदी आणखी घसरली, हे भाचीला सांगण्याचा मोह मी आवरला.

बॉम यांच्या मनात हेच होते, असा पुरावा नाही. पाचूच्या नगरीत सर्वांना हिरवे चष्मे लावायला लावणारा जादूगार मला तर कोणत्याही रूपकाशिवायही पुरेसा राजकीय वाटतो. भाचीला मात्र एवढेच पडले होते की घरी नेणारे बूट पायातच असताना डोरोथी एवढी वणवण का फिरली.