चौथी सीट

"देवाला हात जोडायला जागा लागत नाही रे बाबा, मला बसायला लागते."

विरार फास्टमध्ये आजोबा हे इतकं हळू बोलले की फक्त मलाच ऐकू आलं. खिडकीतला माणूस सरकून तिघांच्या बाकावर चौथी सीट देईना. मांडीवर हरिपाठ उघडा, पाय ऐसपैस. भाईंदर सुटलं, खाडीचा पूल आला, तसे त्याने डोळे मिटून हात जोडले आणि निर्माल्य पाण्यात भिरकावलं. प्लास्टिकच्या पिशवीसकट.

मला भयंकर राग आला. (मीही समोर बसूनच होतो, उठलो नाही. असो.)

वसईला एक पोरगा चालत्या गाडीत चढताना घसरला. नालासोपाऱ्यासाठी दारात उभ्या असलेल्या त्याच माणसाने त्याला शर्टाला धरून आत ओढलं. स्वतःचं कोपर सोललं. मग पोराच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाला, "घरी आई वाट बघते ना?" हात थरथरत होता त्याचा.

गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी आणि आसुरी अशी संपत्तीची, म्हणजे माणसाच्या गुणांची, सरळ वाटणी आहे. या माणसाला कुठल्या रांगेत उभं करायचं?

आजोबांनी हे बघायला हवं होतं. पण ते नायगावलाच उतरले होते, उभ्यानेच.