चार उभ्या रेघा

माझ्या संग्रहातल्या एका चांदीच्या रोमन नाण्याच्या, डिनारियसच्या, कार्डावर दोन वर्षं चुकीच्या सम्राटाचं नाव होतं. गेल्या आठवड्यात ते खोडलं.

नाणं अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला मिसरूडही न फुटलेला मुलगा, डोक्यावर पानांचा मुकुट. (मुकुट मी सगळ्यात आधी बघते. पानांऐवजी सूर्यकिरणांसारखी टोकं असती, तर ते सम्राट काराकालाने इसवी सन २१५ मध्ये सुरू केलेलं मोठं नाणं ठरलं असतं.) छाप जरा सरकून बसल्यामुळे डावीकडची खालची अक्षरं नाण्याच्या कडेबाहेर गेलेली. उरलेली स्वच्छ: ‘अँटोनिनस पायस ऑग’ (‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस, सम्राटाची पदवी). काराकालाला वडिलांनी १९८ मध्ये सहसम्राट केलं तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता आणि त्याची कोवळ्या वयातली नाणी भरपूर आहेत. चेहरा जुळला, नाव जुळलं (त्याचं अधिकृत नाव अँटोनिनसच), मी ‘काराकाला’ लिहून मोकळी झाले.

पण अँटोनिनस हे नाव किती सम्राटांनी लावलं! पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, काराकाला, आणि त्यानंतर एलागाबालस. नुसत्या नावावर सम्राट ठरवणं म्हणजे आडनावावरून माणूस ओळखण्यासारखं आहे.

खरी साक्ष मागच्या बाजूला होती. तिथे सम्राट वेदीवर आहुती देतोय आणि भोवती पदव्यांची आद्याक्षरं आहेत. ‘पी एम’ म्हणजे मुख्य पुरोहित. ‘टीआर पी’ म्हणजे ट्रिब्यूनचा, लोकप्रतिनिधीचा, अधिकार, त्यापुढे चार उभ्या रेघा. मग ‘कॉस’, म्हणजे कॉन्सल हे रोमचं मानाचं पद, आणि ते कितव्यांदा मिळालं हे सांगणाऱ्या तीन रेघा. शेवटी ‘पी पी’, राष्ट्रपिता. ट्रिब्यूनचा अधिकार दर वर्षी नव्याने मोजला जाई, त्यामुळे तो आकडा कारकिर्दीचं वर्ष सांगतो. मी मुद्रितशोधनाचं काम करते, रेघ न् रेघ वाचण्याची सवय आहे. त्या चार रेघा मी वाचल्याही होत्या. हिशेब मात्र मांडला नव्हता.

तो आता मांडला. काराकालाचं ट्रिब्यूनपद १९८ पासून धरलं, तर चौथं वर्ष येतं २०१. तेव्हा तो एकदाही कॉन्सल झालेला नव्हता. पहिल्यांदा झाला २०२ मध्ये, तिसऱ्यांदा २०८ मध्ये. चार आणि तीन हे आकडे त्याच्या नाण्यावर एकत्र येऊच शकत नाहीत. एलागाबालस गादीवर आला २१८ मध्ये, तिसऱ्यांदा कॉन्सल झाला २२० मध्ये, आणि त्याचं चौथं वर्ष २२१. चोख बसलं. कडेबाहेर गेलेली अक्षरं ‘आयएमपी’, म्हणजे इम्परेटर ही पदवी, असणार. त्याच्या नाण्यांवर ती नावाच्या आधी येतात.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा मुलगा काराकालाचाच आहे, अशी हूल त्याच्या आजीने, जूलिया मेसाने, सैन्यात उठवली आणि त्या जोरावर त्याला सम्राट केलं. ते नाव मुद्दाम घेतलेलं होतं. अठराशे वर्षांनंतरही नाण्याने मला तेच पटवलं होतं.

कार्ड बदलल्यावर नाणं पुन्हा दहापट भिंगाखाली धरलं. वेदीच्या वरच्या मोकळ्या जागेत मी ओरखडा समजत होते ती खूण तिरक्या उजेडात उठून दिसली. एलागाबालसच्या सूर्यदेवाची चांदणी.