वरचं यंत्र ओरडत होतं

आग म्हणाल तर फार थोड्या वेळा लागते. आम्हा स्वयंसेवक अग्निशामकांचा पेजर वाजतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी. अलार्म आपोआप वाजला, हायवेवर गाड्या धडकल्या, झाड वायरीवर पडलं, तळघरात पाणी भरलं. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीत आमचं टाउनशिप आहे. गेल्या काही वर्षांत इथे देशी कुटुंबं बरीच आली, त्यामुळे आमच्या कॉल्समध्ये एक खास प्रकार वाढलाय. टाउनहाउसमध्ये कुणी तेलात सुकी मिरची टाकली, की जिन्यातला स्मोक अलार्म बोंबलतो. अलार्म कंपनीचा फोन त्या गडबडीत कुणी उचलत नाही आणि थोड्याच वेळात आमचं इंजिन, म्हणजे बंब, दारात उभं राहतं. मी उतरून नाक वर केलं की लेफ्टनंट विचारतो, "काय निदान?"

"खुरासणीची चटणी," मी सांगते.

आमची फायर कंपनी सरकारी खातं नाही. स्वतःची घटना, स्वतःचे पदाधिकारी असलेली ती नोंदणीकृत संस्था आहे. टाउनशिप काही पैसे देतं, बाकीचे आम्ही जमवतो. पगार कुणालाच नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने स्वतःच्या चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायच्या पिशव्या घेऊन धावायचं, असा करार होता. बादल्यांच्या जागी लाखो डॉलरचं इंजिन आलं, पण पेनसिल्व्हेनियातल्या बहुतेक कंपन्या अजून अशाच, गावातल्या माणसांच्या जिवावर चालतात. आमचा चीफ विमा एजंट आहे, लेफ्टनंट प्लंबर, पंप चालवणारे आजोबा निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. मी सांगलीची, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर.

मी यात आले ती मुलामुळे. इथे चौदाव्या वर्षी ज्युनियर म्हणून भरती होता येतं. त्याला ड्रिलला, म्हणजे सरावाला, सोडायचं आणि बाहेर गाडीत लॅपटॉप उघडून बसायचं, असा माझा क्रम होता. एका थंडीच्या रात्री चीफने काचेवर टकटक केलं, म्हणाला आत ये, कॉफी आहे. पुढे कधीतरी म्हणाला, बसलीच आहेस तर होज, म्हणजे पाण्याचे पाइप, गुंडाळायला हात लाव. मुलगा कॉलेजात गेला, मी राहिले. रीतसर प्रशिक्षण घेतलं. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क घालून, धुराने भरलेल्या खोलीत गुडघ्यांवर रांगत भिंत चाचपायला वयाच्या चाळिशीत शिकले. अंगावरचं सामान वीस किलोच्या वर जातं. तुम्ही अर्धा मिनिट हालला नाहीत, तर खांद्यावरचा अलार्म किंचाळायला लागतो, तुम्ही बेशुद्ध आहात असं समजून. नव्या माणसाला पहिले काही दिवस तो उभ्या उभ्या विचार करतानाही ऐकू येतो.

वर्षभराचं बाकी जगणं म्हणजे थेट आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ. वर्गणी, हिशेबावरून भांडणं, खजिनदाराचा रुसवा, आणि काम निघालं की सगळे हजर. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, शुक्रवारी फिश फ्राय, वसंतात पॅनकेक ब्रेकफास्ट, उन्हाळ्यात चिकन बार्बेक्यू, अधूनमधून बिंगो. डिसेंबरात सांताक्लॉजला इंजिनावर बसवून सगळ्या गल्ल्या फिरवतो, मुलं पायजम्यात बाहेर येतात. हॉल लग्नाला भाड्याने देतो, निवडणुकीला तिथेच मतदान होतं. फिश फ्रायला मी पिरोगीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्यांच्या, काउंटरवर असते, कारण शाकाहारी लोकांना काय खाता येईल हे मलाच विचारलं जातं.

मार्च २०१८मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन नॉरईस्टर, म्हणजे इथली किनाऱ्यालगतची हिवाळी वादळं, आली, २ तारखेला एक आणि ७ला दुसरं. पहिल्यात वाऱ्याने झाडं उन्मळली, दुसऱ्यात ओला, जड बर्फ उरलेल्या फांद्यांवर बसला. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत कित्येक घरांची वीज दिवसचे दिवस गेली. आमच्याकडेही नव्हती. स्टेशनला मोठा जनरेटर असल्यामुळे निम्मं गाव तिथेच होतं. फोन चार्ज करणारे, बाळाच्या बाटल्या गरम करणारे, ऑक्सिजन मशीन घेऊन आलेली एक आजी. कुणीतरी बीन्सचं मोठं पातेलं चढवलं होतं. आम्ही आळीपाळीने बंकरूममध्ये झोपत होतो, कारण घरून स्टेशनला येणं हाच एक कॉल झाला असता. एरवी आम्ही स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावून येतो, पण पेनसिल्व्हेनियात तो दिवा म्हणजे नुसती विनंती. सिग्नल तोडायचा हक्क त्याने मिळत नाही, आणि आडव्या पडलेल्या ओक झाडाला तर विनंती कळतच नाही.

दुसऱ्या वादळानंतरच्या दुपारी कॉलचे टोन वाजले. डिस्पॅचर म्हणाली, कार्बन मोनॉक्साइड (जळणाच्या धुरातला, वास नसलेला विषारी वायू), दोन वृद्ध व्यक्ती, लक्षणं आहेत, फोन करणारी व्यक्ती घरात नाही, घरातल्यांना इंग्रजी येत नाही. मग तिने आडनाव वाचायचा प्रयत्न केला. तिच्या तोंडून त्या आडनावाचं जे झालं त्यातूनही शेवटचं 'कर' मला ऐकू आलं. लेफ्टनंटने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

रस्ता दोनदा बंद निघाला. एका ठिकाणी वायर लोंबत होती, तिथून मागे फिरावं लागलं. जाताना रेडिओवर उरलेली हकिगत आली. मुलगा कामासाठी परगावी. सून सकाळी लहानग्याला घेऊन, वीज असलेल्या मैत्रिणीकडे गेलेली. सासूसासऱ्यांनाही चला म्हणाली होती, पण लोकांच्या घरी कुठे जायचं, म्हणून ते राहिले. दुपारी सुनेने फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, डोकं फुटतंय, दोनदा उलटी झाली, पित्त झालंय. बाबा? ते झोपलेत, उठवलं तर हं म्हणतात. आणि सहज म्हणून त्यांनी सांगितलं, वरचं यंत्र सारखं ओरडत होतं, यांनी खुर्चीवर चढून त्याचा सेल काढला, आता शांत आहे.

ते वाक्य ऐकून सुनेने फोन ठेवला आणि ९११ लावला. त्या दिवशी सगळ्यांत चांगलं काम तिने केलं, असं माझं मत आहे. सेल संपत आला की हा वायू ओळखणारी ही यंत्रं मिनिटाला एकदा टिकटिकतात, वायू असला की सलग चार-चार भोंगे देतात. सत्तरीतल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाला हा फरक कुणी सांगितलेला नसतो. घर दाखवताना डिशवॉशर दाखवतात, थर्मोस्टॅट दाखवतात.

गॅरेजचं दार फूट-दीड फूट उचललेलं होतं आणि आत जनरेटर घरघरत होता. हवा जायला जागा ठेवलीय, असा हिशेब. पण वारा त्याच फटीतून आत येत होता, आणि गॅरेजमधून घरात उघडणारं दार एक्स्टेन्शन वायरीमुळे नीट लागत नव्हतं. मास्क चढवून आम्ही पुढच्या दाराने आत शिरलो. उंबरठ्यावरच मीटर वाजला, ९० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ९०. पॅसेजमध्ये २१०. गॅरेजला लागून असलेल्या बैठकीच्या खोलीत ३८०. ४००च्या आसपास दोनएक तासांत डोकं दुखायला लागतं, तीन तासांनंतर जिवावर बेततं. नेमकी तीच खोली त्यांना ऊबदार वाटली होती, कारण जनरेटरवरचा हीटर तिथे लावला होता.

काका सोफ्यावर. काकू शेजारी उभ्या, गाउनवर शाल, आणि समोर दोन धिप्पाड गडी, हेल्मेट, मास्क, फुसफुसणारा श्वास. लेफ्टनंट हातवारे करून बाहेर चला म्हणत होता. काकूंनी सोफ्याचा हात घट्ट धरला होता आणि "नो, नो, सन कमिंग" म्हणत होत्या.

मी मास्कमधून ओरडले, "काकू, मी मराठी आहे. घरात विषारी वायू भरलाय. आत्ताच्या आत्ता बाहेर चला."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मास्कमधून आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, त्यात मराठी. मग त्यांच्यातली गृहिणी जागी झाली. "अगं, आधी यांना बघ. आणि देवापुढे निरांजन आहे, घर पेटेल."

"मी विझवते. तुम्ही चला."

"पायात काही नाही माझ्या."

बाहेर गुडघाभर बर्फ. ही हरकत रास्त होती. पण चपला शोधायला वेळ नव्हता, म्हणून तिसऱ्या गड्याने त्यांना सरळ उचललं. "अहो, अहो!" एवढंच त्या म्हणाल्या. काकांना लेफ्टनंट आणि मी ब्लँकेटवर ओढत दारापर्यंत आणलं. मला आजवर वाटायचं की हे सगळं ताकदीचं काम आहे. त्यांचं वजन फार नव्हतं, पण शुद्ध हरपत चाललेलं शरीर कुठूनही धरलं तरी निसटतं, हे प्रशिक्षणातल्या पुतळ्यावर कळत नाही. निरांजन विझवायला मी परत गेले. लेफ्टनंटला कारण इंजिनात बसल्यावर सांगितलं.

ॲम्ब्युलन्समध्ये दोघांना ऑक्सिजन लावला. काकांच्या बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरने ९८ टक्के दाखवले आणि काकू म्हणाल्या, "बघ, ठीक आहेत ना." इथे ते यंत्र फसवतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्यांतला भेद कळत नाही. माणूस गुदमरतोय आणि आकडा छान. पॅरामेडिककडे रक्तातला हा वायू मोजणारं वेगळं यंत्र होतं, त्यावर काकांचा आकडा २६ टक्के आला, काकूंचा १९. निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसात तो दोन-तीनच्या वर नसतो.

पॅरामेडिकने औषधं विचारली. काकूंनी पदर नसलेल्या गाउनच्या खिशातून पुडकं काढलं, टेल्मा, इकोस्प्रिन. त्याला काहीच बोध होईना. मी सांगितलं, एक टेल्मिसार्टन, रक्तदाबाची, दुसरी ॲस्पिरिन. माझ्या वडिलांचा डबा भरून भरून हे मला पाठ होतं. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर असताना काकू मधेच तो बाजूला करून विचारायच्या, मी परत लावायचे.

"किती डॉलर होतील गं याचे?"

"आमचे काही नाही, काकू. आम्ही फुकट येतो."

"म्हणजे तुला पगार नाही?"

"नाही."

"मग नोकरी?"

"ती आहे, वेगळी."

आम्हा दोघींकडे बघून पॅरामेडिकने मला विचारलं, काय म्हणतायत, दुखतंय का कुठे? मी म्हटलं, नाही, माझी काळजी करतायत.

फिलाडेल्फियात हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली, असलेल्या रुग्णालयात त्यांना नेलं. उघड्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास, दाबाच्या चेंबरमध्ये त्याहून कमी. इकडे आम्ही जनरेटर बंद केला, पंखा लावून घर मोकळं केलं, मीटर शून्यावर येईपर्यंत खोली-खोली फिरलो. काढलेला सेल ड्रॉवरमध्ये रबर लावून नीट ठेवलेला सापडला. सून आली तेव्हा तिला दाखवलं की जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर हवा. ती रडत होती, त्यामुळे ते मी पुन्हा एकदा लिहूनही दिलं.

दोघं वाचले. काकांना काही आठवड्यांनी विसराळूपणा जाणवला, तो हळूहळू कमी झाला, असं सुनेने कळवलं. हा वायू उशिरानेही खोड ठेवून जातो.

त्यानंतर लेफ्टनंटला आणि मला तिथल्या मराठी मंडळींनी बोलावलं. आईवडील भारतातून यायचा हंगाम सुरू होण्याआधी दोन शब्द सांगा, म्हणून. आम्ही दोन्ही प्रकारचे आवाज वाजवून दाखवले, सेल कधी बदलायचा, भोंगे वाजले तर बाहेर पडून मगच फोन करायचा, हे सांगितलं. मग मी जे बोलायला मुद्दाम गेले होते ते बोलले, आणि जरा तिखटच बोलले. पेनसिल्व्हेनियात १९७०च्या दशकात सुमारे ३ लाख स्वयंसेवक होते, २०१८च्या सरकारी अहवालात ते ३८ हजारांच्या आसपास उरले. दिवसा तर इंजिनाला माणूस मिळत नाही, कारण पूर्वी गावातच काम करणारे लोक आता तासभर लांब जातात. आणि दिवसा घरी कोण असतं? हेडफोन लावून कॉलवर बसलेले आपण. टाउनशिपमध्ये आपली एवढी घरं, पॅनकेकला आपण रांगेत असतो, चेकही देतो. हजेरीपटावर मी एकटी.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न आले. विमा आहे का? आहे, जखमी झालं तर टाउनशिपच्या कामगार भरपाईतून. मॅनेजर चालवून घेईल का? त्याला विचारा. एकाने विचारलं, व्हिसावर चालतं का, त्याला म्हटलं वकिलाला विचार. मागून एका काकूंनी विचारलं, साडीवर करता येतं का? येतं, फिश फ्रायला.

पुढच्या ड्रिलला दोघं आले. एक डेटाबेसवाला, त्याने पहिल्याच दिवशी होजची कपाटं कशी लावली पाहिजेत यावर मत दिलं, त्यामुळे तो टिकणार हे आम्ही ओळखलं. दुसऱ्याला शिडीवर तिसऱ्या पायरीलाच घाम फुटला. त्याला फायर पोलिसात घेतलं. आता तो अपघाताच्या ठिकाणी पिवळं जाकीट घालून ट्रॅफिक वळवतो आणि कुणी हॉर्न वाजवला तर मराठीत शिव्या देतो.