पीनट बटर लावलेल्या तीस काड्या

केळीच्या खोडाला अर्ध्यावर कोयता घातला की ते सावकाश वाकतं आणि घड आपसूक खांद्यावर येतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, राजापूरच्या परसात बघून बघून आलेलं आहे. त्या मंगळवारी सकाळी असाच एक घड खांद्यावर घेतला, नि कॉलरच्या आत कोणीतरी पेटती उदबत्ती टेकवल्यासारखं झालं. मग दुसरी. मग एकदम आठ-दहा.

घड टाकला, शर्ट काढून झटकला. काही दिसेना. चष्मा आणून शर्ट उन्हात धरला तेव्हा शिवणीतून नारिंगी ठिपके चालताना दिसले. तिळाच्या निम्म्याने असतील. आपल्याकडचा हुमला अंगावर आला की त्याची लगबग कळते, घाई असते त्याला. ह्यांना कसलीच घाई नव्हती. रमतगमत चालल्या होत्या. ते चालणं बघूनच माझ्या पोटात गोळा आला, कारण हवाईच्या ह्या बेटावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं: मुंगी मोठी नि चपळ असेल तर निभावेल, बारीक नि संथ असेल तर मेलात.

लिटल फायर अँट. दक्षिण अमेरिकेतली. ह्या बेटावर ती पहिल्यांदा सापडली १९९९ साली, आणि तीही आमच्याच पुना जिल्ह्यात. (पुण्याशी काही संबंध नाही. आईला हे सहा वर्षांत पटलेलं नाही. ती गावात सगळ्यांना 'बाबू पुण्याला असतो, पण लांबच्या' असं सांगते.)

आम्ही इथे २०१९ साली आलो. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडली, तीन एकर घेतले. लोक विचारतात ज्वालामुखीची भीती वाटत नाही का. वाटते. २०१८ च्या मे महिन्यात लेलानी इस्टेट्स ह्या इथल्याच वसाहतीत जमीन फाटली आणि सातशेच्या वर घरं लाव्ह्याखाली गेली, म्हणून तर जमीन आमच्या खिशाला परवडली. पण रोजच्या जगण्यात ज्वालामुखीला वेळ कुठे असतो? नळ नाही, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं. दहा हजार गॅलनची टाकी, म्हणजे साधारण ३८ हजार लिटर. पालेभाजीचं पान न् पान उलटसुलट धुवायचं, कारण गोगलगायीतून मेंदूपर्यंत पोचणारी एक अळी आहे इथे. रात्री कोकी नावाचे बोटभर बेडूक एवढे ओरडतात की फोनवर बोलता येत नाही. यूट्यूबवर 'बेटावरचं स्वप्न' विकणारी मंडळी ह्यातलं काही दाखवत नाहीत. त्यांच्या व्हिडिओत नेहमी संध्याकाळ असते आणि हातात नारळ असतो.

जमिनीबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं, कारण त्यात माझा थोडा गर्व आहे. आमच्या भागातला दगड पंधराव्या शतकातल्या लाव्ह्याचा. पाचसहाशे वर्षं म्हणजे दगडाच्या हिशेबात कालचं बाळ. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा. माती जवळजवळ नाहीच. काळा, गुळगुळीत, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा पसरलेला लाव्हा, पाहोएहोए. हाच हवाईयन शब्द आपले भूशास्त्रज्ञ दख्खनच्या कातळालाही वापरतात, हे मला इथे आल्यावर कळलं. आजूबाजूचे लोक डी-नाइन बुलडोझर आणून सगळी जमीन उखडतात, वर सिंडरचा, म्हणजे ज्वालामुखीच्या खडीचा, थर देतात. मी एक एकरच उखडला. बाकीच्या दोन एकरांत आजोबांनी सड्यावर केलं तेच केलं. त्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली नि हापूसची कलमं लावली. इथे सुरुंगाला कोण परवानगी देणार. मी दगड फोडायचा ब्रेकर भाड्यानं घेतला. आणि पहार. तिला इथे ओओ म्हणतात, वजनाला आपल्यापेक्षा भारी, पण हातात घेतल्यावर ओळख पटते. दिवसाला तीन खड्डे. १४० झाडं.

हापूस लावला नाही. म्हणजे दोन लावले, हट्टानं. पाऊस रत्नागिरीइतकाच पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, वर्षभर पुरवून पुरवून पडतो. मोहोर येतो आणि करपतो. तेव्हा रामबुतान, नीरफणस, लक्ष्मणफळ, आणि मँगोस्टीन, जी आपल्या रातांब्याची थोरली बहीण.

तर मुंगी.

तपासायची पद्धत साधी आहे. चॉपस्टिकच्या टोकाला पीनट बटरचा पातळ हात द्यायचा, झाडांच्या बुंध्याशी, कुंड्यांत, फांद्यांच्या बेचक्यात काड्या ठेवायच्या, तासाभरानं उचलून चेनच्या पिशवीत भरायच्या आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. पीनट बटर पातळच हवं, जाड दिलं तर मुंग्या त्यातच रुततात आणि ओळखू येत नाहीत. मी तीस काड्या लावल्या. प्रत्येकीला नंबर, आणि वहीत नकाशा.

तास जाईपर्यंत मला इतर गोष्टी आठवायला लागल्या. चार महिने मी लक्ष्मणफळावरच्या पिठ्या ढेकणांशी झगडत होतो. तेल फवारलं, साबणपाणी मारलं, फांद्या छाटल्या. पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. आमच्या कोकणात आंब्यावर तुडतुड्यांनी खार पडतो तसंच. पंधरा दिवसांनी पुन्हा जैसे थे. मी ढेकणाला शिव्या देत होतो, आणि त्याचा गुराखी वर फांदीत बसून चिकटा पीत होता. मुंगी ढेकूण पाळते, शत्रूपासून राखते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. तरी चार महिने मी एकदाही मान वर करून फांदी न्याहाळली नाही. एकोणीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांच्या चुका शोधून काढल्या, त्या माणसाची ही कथा.

तीसपैकी सतरा काड्या नारिंगी झाल्या होत्या.

नकाशावर खुणा केल्या तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. तिनं काही न बोलता बोट ठेवलं. सगळ्यात दाट खुणा केळीत नव्हत्या. शेडनेटखाली होत्या, जिथे मी रोपं करतो.

"किती जणांना दिलीस रे?" तिनं विचारलं.

माझी ती हौस आहे. लक्ष्मणफळ, शेवगा, कढीपत्ता, केळीचे मुनवे. कोणी आलं की रिकाम्या हाती पाठवायचं नाही, हे आईचं वळण. आणि मी सगळं लिहून ठेवतो: तारीख, रोप, कोणाला. ह्या सवयीचं कौतुक वाटायचं. त्या दुपारी तीच वही माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. वर्षभरात चौदा घरं.

ही मुंगी उडत नाही. बाकीच्या बहुतेक मुंग्यांच्या राण्या पंख लावून लांब जातात. हिच्या राण्या चालत जातात, दोनचार हात पलीकडे नवी वस्ती करतात. तिला रस्ता ओलांडायला वेळ लागतो. लांब जायचं तर माणूस लागतो, हातात कुंडी घेतलेला.

काड्या हिलो शहरात नेऊन दिल्या. तिथे मुंग्यांसाठीच एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या मुलीनं सूक्ष्मदर्शकात दहा सेकंद बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. सरकारी कामाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण ही माणसं वेगळी. कंटाळा न करता अर्धा तास मिश्रण शिकवलं: पाणी, खाद्यतेल, पीनट बटर, घट्टपणासाठी झँथन गम आणि औषध. फळझाडांना चालणारं औषध ठरावीक आहे. ते मुंगी मारत नाही, राणीची वीण बंद पाडतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने काहीच फरक दिसत नाही आणि तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. दर सहा आठवड्यांनी, वर्षभर, आठ हात. आणि जमिनीवर टाकून भागत नाही, मुंगी झाडावर राहते. म्हणून श्रीखंडाहून पातळ नि कढीहून घट्ट असं ते मिश्रण पंपानं फांद्यांवर उडवायचं, पानांना चिकटून राहिलं पाहिजे. त्यानंतर काही तास पाऊस नको. पुनात! पावसाचा अंदाज बघून बघून मला आता शेअरबाजारवाल्यांची कीव येते.

घरी येऊन चौदा फोन केले. एकानं हसून सांगितलं, "माझ्याकडे दहा वर्षांपासून आहेत." दोघांनी काड्या लावतो म्हणून सांगितलं, लावल्या नसणार. एक बाई चिडली, आणि बरोबर चिडली. एका गृहस्थाचं उत्तर मला अजून पचलेलं नाही. तो म्हणाला, कोणाला सांगू नकोस, मी जागा विकायला काढली आहे.

चौदावं घर आँटीचं. इथे वयस्कर बाईला आँटीच म्हणायचं, नात्याची चौकशी करायची गरज नसते. ती ऐंशीची, ऊसमळ्यात आलेल्या जपानी मजुरांची नात. आम्ही आलो त्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री घेऊन तीच आली होती. आमच्या दोघांच्या मधे ओहियाच्या झाडांचा पट्टा आहे, शंभरेक पावलांचा. तिला मी दोन लक्ष्मणफळं दिली होती. स्वतः खड्डे काढून लावून दिली.

फोन न करता गेलो. पायरीवर तिची मांजर बसली होती. डावा डोळा दुधाळ झालेला. ह्या मुंगीच्या प्रदेशात कुत्र्यामांजरांच्या बुबुळावर असे ढग येतात. मी बघत राहिलो.

"म्हातारी झाली," आँटी म्हणाली. "माझ्यासारखी."

मग मी तिला म्हणालो, "आँटी, वुई हॅव अँट्स."

हे वाक्य मी रोज आठवतो. मराठीत बोलत असतो तर त्या क्षणी मला ठरवावं लागलं असतं, 'आमच्याकडे' म्हणायचं की 'आपल्याकडे'. इंग्रजीनं सोडवणूक केली. मी ती करून घेतली.

तिच्याकडेही काड्या लावल्या. बारापैकी पाच. दोन माझ्या लक्ष्मणफळांच्या बुंध्याशी. पण उरलेल्या तीन पार पुढच्या फाटकाशी, जिथे दोन वर्षांपूर्वी तिनं ट्रकभर लाकडाच्या ढलप्या उतरवून घेतल्या होत्या, आच्छादनासाठी. आणि तोच ट्रक पुढे आमच्याकडे आला होता. अर्धा ढीग तिचा, अर्धा माझा. भाडं वाटून घेतलं होतं. म्हणजे माझ्या कुंड्यांतून तिच्याकडे गेल्या, की ढलप्यांतून दोघांकडे आल्या? मुंग्या बघून तर हे कळत नाही. ह्या जातीत राणी आपली हुबेहूब नक्कल राणी म्हणून जन्माला घालते आणि नर बापाची नक्कल असतो. इकडच्या तिकडच्या सगळ्या एका छापाच्या. आडनावं नाहीत त्यांना.

बायकोचं म्हणणं, ट्रकच. नर्सरीतून आलेल्या मातीत असतील असंही ती म्हणते, आणि ते अशक्य नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बुंध्याला राख घाल," आणि मग जरा थांबून, "त्या म्हातारीक सांगितलंस मा?"

सांगितलं म्हणालो.

झाडं उपटून नेतो, असं मी आँटीला म्हणालो होतो. तिनं ऐकलं नाही. एकाला पहिलं फळ धरलं होतं, मुठीएवढं, काटेरी. ते पिकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असा हुकूम झाला. पिकलं तेव्हा अर्धं आमच्याकडे आलं, प्लास्टिकच्या डब्यातून. आम्ही खाल्लं. चांगलं होतं.

आता पाच हात झाले आहेत. दर वेळी मी तिच्या बाजूलाही मारतो. पैसे विचारले तेव्हा सांगितलं की कालवलेलं मिश्रण टिकत नाही, उरलेलं फेकायचं ते तुझ्याकडे मारतो. टिकत नाही हे खरं आहे. उरत काही नाही. मी तिच्या मापाचं वेगळं कालवतो. मागच्या खेपेला माझ्या तीस काड्यांपैकी चार नारिंगी झाल्या, तिच्या बारापैकी एकही नाही. मांजरीचा डोळा तसाच आहे.

रोपं देणं बंद आहे. शेडनेटखाली कढीपत्ता कमरेएवढा वाढलाय.

सहावा हात येत्या शुक्रवारी, पावसानं ऐकलं तर. परवा फाटकाच्या खांबावर पीनट बटरची भलीमोठी बरणी ठेवलेली मिळाली. झाकणाला चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात: 'मुंग्यांसाठी'. ती मी फोडलेली नाही. ओट्यावर आहे. काल दुकानातून दुसरी आणली.